'देवावर हवाला ठेवणे' आणि 'देवाच्या हवाली करणे' : एकच का?

महालची लेक :
आईची १९८७ सालची एक वही आहे. बाबांचं डोक्याचं ऑपरेशन झालं आणि ते १७ दिवस शुद्धीवर नव्हते. आई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून रोज दोन-चार ओळी लिहायची. भाऊ जबलपूरला असतो, त्याच्या मुलांना मराठी वाचता येत नाही, म्हणून माझी मुलगी वही हिंदीत उतरवते आहे. नवव्या दिवशी आईनं लिहिलंय, 'आता देवावर हवाला ठेवला.' मुलीनं केलं, 'अब भगवान के हवाले कर दिया.' ते वाचून वहिनीचा फोन आला, की आईंनी नवव्या दिवशीच आशा सोडली होती का? माझ्या पोटात कालवलं. आईनं आशा कधीच सोडली नव्हती, आणि बाबा पुढे १४ वर्षं जगले. हिंदीत काय लिहावं? आणि मराठीत तरी हे दोन्ही एकच आहेत का?

धरमपेठकर :
एक नाहीत. हवाली केलं की ते हातातून गेलं, चोराला पोलिसांच्या हवाली करतात तसं. हवाला ठेवताना माणूस आपल्यापाशीच राहतो, भार तेवढा जातो. मूळ अरबी शब्द व्यवहारातला आहे : माझ्यावरचं देणं मी तिसऱ्याच्या अंगावर वळवायचं, सावकारानं ते त्याच्याकडून घ्यायचं. आईंना ते १७ दिवस एकटीनं फिटणारे नव्हते. त्यांनी देणेकरी बदलला.

शब्दनिष्ठ :
अर्थ सुरेख, पण शब्द परका. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो अशाच शब्दांना पर्याय हवेत म्हणून. निदान देवाशी बोलताना तरी आपला शब्द असावा. 'विश्वास' घ्या. त्यात श्वस् धातू आहे, श्वास घेणे. भीती सरून श्वास मोकळा होणं म्हणजे विश्वास. त्या व्हरांड्यात याहून जवळचा शब्द कोणता?

नाथांचा वाचक :
एकनाथांनी जिवाकडून अर्जदस्त, म्हणजे दरबारी विनंतीअर्ज, लिहून घेतली ती शरीराचा परगणा करून, भरगच्च फारसी दरबारी भाषेत. नाथांना जे परकं वाटलं नाही ते त्या माउलीच्या वहीतून आपण काढायचं? तिनं काय लिहावं हे ठरवणारे आपण कोण?

शब्दनिष्ठ :
वहीतून काढा असं मी म्हटलेलं नाही. आज नव्यानं लिहिताना काय वापरावं एवढंच म्हटलं. १९९६ च्या सुमारास जैन हवाला प्रकरण, पुढाऱ्यांना हवाल्यातून पैसे दिल्याच्या आरोपांचं, रोज पेपरात असायचं, तेव्हापासून हा शब्द मळला. वीस-बावीस वर्षांच्या मुलांना विचारून पाहा, त्यांना काळा पैसाच आठवतो.

काटोलकर :
'हवाला ठेवला' म्हणजे हातपाय गाळले, असं मला एका मास्तरांनी शिकवलं होतं. मला ते तेव्हाही पटलं नाही. आमचा संत्र्याचा बगीचा. एका वर्षी गारपिटीत आंबिया बहार सगळा झडला, डोक्यावर कर्ज. बाबा म्हणाले, 'देवावर हवाला.' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडलेल्या फांद्या छाटून बोर्डो, बुरशीवरचं औषध, फवारत होते. रात्री झोपलेही. आधीच्या आठवड्यात आभाळ पाहत रात्र रात्र जागायचे, ते झोपले, हे माझ्या चांगलं लक्षात आहे.

सदरवाली :
आम्ही ख्रिस्ती. आमच्या मराठी बायबलात 'परमेश्वरावर भाव ठेव' असं आहे. ठेवण्याचंच क्रियापद, पाहा. आणि चिंतेसाठी 'टाका' : आपली चिंता त्याच्यावर टाका. भाव ठेवायचा आणि चिंता टाकायची. माझा मुलगा कमी दिवसांचा जन्मला तेव्हा काचेच्या पेटीत होता. टाकलेली चिंता मी दर तासाला परत उचलत होते. या शब्दांपैकी एकही एकदा म्हणून भागत नाही, रोज म्हणावा लागतो.

पारडीचा :
आमच्या घरी हवाला नाही, भरोसा. माझी आजी म्हणे, 'त्याच्या भरोशावर सोडलं न बाप्पा, मंग आता काहून रडून राह्यली?' आणि म्हणता म्हणता सोताच रडे.

शब्दनिष्ठ :
भरोसा हिंदीतून आला. मराठी रूप भरवसा.

पारडीचा :
माझ्या आजीला हिंदी येतच नव्हती. तिच्या तोंडचा शब्द हिंदी कसा झाला? नागपुरात बोललेलं मराठी नाही काय?

धरमपेठकर :
इथे मी पारडीकरांच्या बाजूनं. मात्र त्याच भरोशाचं 'रामभरोसे' झालं की अर्थ फिरतो, कुणी लक्ष देत नाही असा होतो. हवाला कसा मळला हे आपण बोललो, पण प्रत्यक्ष रामाचं नाव असलेला शब्द बेपर्वाईसाठी वापरताना आपल्याला काहीच वाटत नाही. मला ते लागतं.

नाथांचा वाचक :
जुन्या मराठीतला 'निरवणे' कुणी ऐकलाय का? जबाबदारीनं सोपवणे. तुकोबांनी देवावर भार घालून निश्चिंत राहिल्याचं म्हटलं आहे, तिथे तो येतो : संतांनी मला विठोबाला निरवलं. म्हणजे तिथे तो भारही एकट्यानं घातलेला नाही, दुसऱ्यांनी हात धरून नेलं आहे.

काटोलकर :
आमच्याकडे लेक सासरी निघाली की व्याह्याला 'निरवली' म्हणत. म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलंय.

महालची लेक :
सगळ्यांचे आभार. हिंदीचं अजून अडलेलंच आहे. 'भरोसा' लिहिलं तर वहिनीला पटेल, पण त्यात आईचं देणं वळवणं येत नाही. काल वही पुन्हा उघडली. 'हवाला ठेवला' याच्या खालीच ओळ आहे, आधी आम्ही ती निराळी समजून उतरवली होती : 'आज डबा पूर्ण खाल्ला.' आधीच्या आठ दिवसांत जेवणाचा उल्लेख कुठेच नाही. तूर्त हिंदीतही 'हवाला'च ठेवते आणि ही ओळ त्याला जोडून घेते.

शब्दनिष्ठ :
नका ठेवू. पुन्हा फोन येईल.