दूध संकलनाच्या डेटाबेसला डिस्क किती घ्यावी? बजेट 4 हजार (सांगली)

विश्रामबाग_गण्या: नमस्कार मंडळी. एका डेअरीचं काम घेतलंय, 120 संकलन केंद्रं, प्रत्येकी 150 च्या आसपास शेतकरी, सकाळ-संध्याकाळ दोन वेळा. डेटाबेस पोस्टग्रेस आहे. एका नोंदीत केंद्र, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम असा धरून 80 बाइट डेटा, वर 3 इंडेक्स (नोंद पटकन सापडायला केलेल्या याद्या). 5 वर्षांचा डेटा ठेवायचाय, किती जागा लागेल? मालक 4 हजाराच्या वर रुपया सोडणार नाहीत.

मिरजकर_तात्या: 4 हजारात काय येतंय ओ. आम्ही सरळ सर्व्हर घेतला, रेड (एकाहून जास्त डिस्क जोडून), डबल पॉवर सप्लाय, दीड लाख गेले पण आजवर एकदा बंद नाही.

आकडेमोड_आबा: तात्या, त्यानं जागा विचारलीय. गण्या, दिवसाला 36 हजार नोंदी, वर्षाला 1 कोटी 31 लाख. पोस्टग्रेस प्रत्येक ओळीला 24 बाइटचं हेडर (ओळीची स्वतःची माहिती) अन् 4 बाइटचा पॉइंटर (ओळ पेजमध्ये कुठं आहे ते) लावतं, म्हणजे 80 चे 108. पेज, म्हणजे डिस्कवरचा एक तुकडा, 8 केबीचं, त्यात 75 ओळी बसतात, टेबल झालं वर्षाला 1.4 जीबी. बिगइंटवरचा (8 बाइटच्या आकड्यावरचा) एक इंडेक्स पावणेतीनशे-तीनशे एमबी, तीन धर. 5 वर्षांत 12 जीबीच्या आत.

तासगाव_बेदाणा: एसएसडीच घे. आणि व्हारचार (मजकुराचा रकाना) 255 चे 50 कर, निम्मी जागा वाचते, मी केलंय.

आकडेमोड_आबा: काही वाचत नाही. व्हारचार जेवढं लिहिलंय तेवढीच जागा घेतो. खरी जागा नावं खातात, देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा-हलंत धरून, यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये 3 बाइट, नुसतं 'ज्ञानेश्वर' 30 बाइटचं. नाव वेगळ्या टेबलात ठेवायचं, इथं फक्त कोड.

तासगाव_बेदाणा: माझं वाचलं बाबा. एसएसडी घे एवढं ऐक.

कृष्णाकाठ: मशीन तळमजल्यावर आहे का ते बघा आधी. 2019 च्या पुरात आमच्या दुकानातला पीसी, बॅकअपची डिस्क दोन्ही पाण्यात, कारण दोन्ही एकाच टेबलावर होते. बॅकअप वरच्या मजल्यावर न्या नाहीतर क्लाउडवर.

मिरजकर_तात्या: क्लाउडचं महिन्याचं भाडं कोण भरणार, सर्व्हरच बरा.

डेअरीवाली_ताई: दर फरकाचं कुणी बोललंच नाही. मागच्या तारखेपासून दर बदलला की महिन्याच्या सगळ्या नोंदींना अपडेट मारता ना? पोस्टग्रेस प्रत्येक अपडेटला नवी ओळ लिहितं, जुनी व्हॅक्यूम (साफसफाई) होईपर्यंत तिथंच. व्हॅक्यूम झाल्यावरही ती जागा टेबललाच परत वापरायला मिळते, डिस्कला बहुतेक वेळा मिळत नाही. व्हॅक्यूम फुल मारायचा तर अख्ख्या टेबलाची दुसरी प्रत मावेल एवढी मोकळी जागा पाहिजे, वर तेवढा वेळ टेबल लॉक. 12 जीबीला 40 धरा, वॉल फाइली (बदलांची नोंदवही) त्यातच. आणि 10 लाख खोट्या नोंदी भरून पीजी_टोटल_रिलेशन_साइज बघा, इंडेक्ससकट आकडा देतं.

तासगाव_बेदाणा: मी तेच म्हणतोय, एसएसडी.

विश्रामबाग_गण्या: ताई, आबा, आभार. भरून बघितलं, आकडा आबांच्या हिशोबाच्या जवळच आला. 240 जीबीची एसएसडी पुरेल असं मालकांना सांगितलं, ते म्हणाले 240 म्हणजे कमीच की, आणि भाच्याच्या दुकानातून 2 टीबीची साधी हार्डडिस्क घेऊन आले. बसवली.

मिरजकर_तात्या: कितीला पडली?