कॉर्डेलियाला मारलं ते बरोबरच केलं

उंबरठा
'किंग लिअरचा शेवट वाचून पुस्तक भिंतीवर भिरकावलं, लिअरच्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला मारणं हा शेक्सपिअरचा निव्वळ दुष्टपणा' असं काल इथे कुणीतरी लिहिलं आणि खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रतिसादात मावेना म्हणून हा धागा.

अहो, गोष्ट आधी गोडच होती! याच राजावरच्या, १६०५ साली छापलेल्या जुन्या नाटकात म्हाताऱ्याला राज्य परत मिळतं, पोरगी जगते. प्रेक्षक त्याच भरवशावर बसलेले. शेक्सपिअरकडे तिला मारायचा हुकूम दिलेल्या एडमंडला मरता मरता उपरती होते, हुकूम थांबवायला माणूस धावत सुटतो, लिअरचा जावई ऑल्बनी म्हणतो देव तिला राखो, आणि तेवढ्यात लिअर तिचं प्रेत हातांवर घेऊन येतो. हे काढलं तर उरतं काय?

कातरवेळ
'कुणीतरी' म्हणजे मी. नाव घ्यायला जीभ जड होते का?
नेहम टेट नावाच्या कवीने १६८१ मध्ये लिअरचा शेवट बदलला, कॉर्डेलियाचं एडमंडच्या भल्या भावाशी, एडगरशी लग्न लावलं. इंग्लंडात दीडशे वर्षं तेच चाललं. सगळे अडाणी? टीकाकार डॉ. जॉन्सनलासुद्धा शेक्सपिअरच्या संपादनाला बसेपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचवले नव्हते. आणि ऑल्बनी चक्क म्हणतो, मोठी गोष्ट विसरलोच की! राजा आणि त्याची मुलगी कैदेत, आणि हे विसरले.

खडूस
टेटने विदूषकच उडवला. तिथेच त्याचा निकाल लागला.

नाना
चूक शेवटात नाहीच, पहिल्या अंकात आहे. लिअर तिथे मुलींना राज्य वाटून टाकतो. हयातीत वाटणी करू नये. नटसम्राटातल्या अप्पांनी तेच केलं. आमच्या चुलत्यांनी फ्लॅटचं बक्षीसपत्र केलं, आता हॉलमधल्या दिवाणावर झोपतात आणि पंखा लावू का म्हणून विचारतात. मृत्युपत्र करा, बक्षीसपत्र नको.

वकीलीणबाई
नाना, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा, कलम २३. सांभाळण्याच्या अटीवर दिलं असेल आणि सांभाळलं नाही, तर रद्द करून घेता येतं.

नाना
पोटच्या पोरासमोर अट कोण लिहितं?

मधली सून
सगळे लिअर बिचारेच कसे हो? शंभर शिलेदार घेऊन मुलींकडे महिना महिना मुक्काम! आमच्याकडे सासऱ्यांचे चार मित्र रोज चारला चहाला यायचे, दोघे बिनसाखरेचा, एक आल्याचा. त्याची थोरली मुलगी गॉनरिल खलनायिका आहे, मान्य. पण ती त्या शिलेदारांवरून कुरकुरते त्या प्रवेशात माझी तिला पूर्ण सहानुभूती.

नाना
अशा सुना असल्यावर म्हाताऱ्यांनी जायचं कुठे?

मधली सून
सासऱ्यांचं शेवटचं दीड वर्ष मी काढलंय. तुमच्या चुलत्यांना तुम्ही का नाही आणलंत घरी?

उंबरठा
धागा शेवटाबद्दल आहे!! वाटण्यांसाठी दुसरा काढा.

कातरवेळ
शेवटाबद्दलच सांगते. लिअर आधी आरसा मागतो, मग तिच्या ओठांशी पीस धरतो. आपल्याकडे नाकाशी सूत धरतात तसं. पीस हललं, जिवंत आहे, म्हणतो. बाबा गेले तेव्हा डॉक्टर सांगून गेल्यावरही मी त्यांचाच चष्मा त्यांच्या नाकाखाली धरून बसले होते. काचेवर वाफ आली असं दोनदा वाटलं. दुसऱ्यांदा भावाला हाकही मारली. पुस्तक फेकलं ते म्हणून.

उंबरठा
मग लेखात हे लिहायचं ना, दुष्टपणा काय लावलंत.
बरं, ऑल्बनीचं ते विसरणं मलाही कधी पटलेलं नाही. तेवढं तुमचं.

खडूस
उंबरठा यांनी काहीतरी मान्य केलं. तारीख लिहून ठेवा.

नाना
वकीलीणबाई, चुलत्यांकडून कागद मागवून बघितला. अट नाहीये.