ड्रोनला मेमरी कार्ड कुठलं घ्यावं? (आणि मामांच्या बैलांना काय सांगू?)

फोटोवाला_विटा

मंडळी, नमस्कार. विट्याजवळ माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, वास्तुशांत, आणि निवडणुका आल्या की उमेदवारांचे बॅनर. दीड वर्षापूर्वी ओळखीतल्या एकाकडून डीजेआय मिनी २ ड्रोन सेकंडहँड घेतला. आतापर्यंत काही तक्रार नव्हती.

गेल्या आठवड्यात एक गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. नवरदेव मांडवात बैलगाडीतून येणार. बैल नवरदेवाच्या मामांचे, खिलार जोडी, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस आणि साडेपाचचं तिरकं ऊन. असा शॉट वर्षातून एकदा मिळतो. ड्रोन वर घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं, आणि सातव्या सेकंदाला स्क्रीनवर कार्ड स्लो असल्याचा इशारा. रेकॉर्डिंग बंद. परत दाबलं, अकरा सेकंद. परत दाबलं, चार. तोवर गाडी मांडवाच्या दारात आणि नवरीची आई ओवाळायला पुढे.

घरी येऊन बघतो तर तुकडे तुकडे. नवरा-नवरीची अजून तक्रार नाही, पण मामांचे तीन फोन येऊन गेले. "माझ्या बैलांचा वरनं घेतलेला शॉट कुठाय?" एवढंच विचारतात. एडिटिंग चालू आहे म्हणून सांगितलंय.

कार्ड १२८ जीबीचं, बाजारातल्या एका मोबाइलच्या दुकानातून साडेचारशेला घेतलेलं. वर मोठ्या अक्षरात १०० एमबी लिहिलंय. मला तर दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारल्याचा दाट संशय आहे. आता नवीन घ्यायचंय. ६४, १२८ की २५६? एक जण म्हणतो व्ही९० या सगळ्यात वरच्या वेगाच्या जातीचं घे, आयुष्यभराची कटकट मिटेल, पण त्याची किंमत ऐकून मी पाणी प्यायलो.

एका_वाक्यात

यू३, व्ही३०, ६४ जीबीची दोन, विषय संपला.

दापोलीचा_म्हातारा

वरच्या सद्गृहस्थांनी बरोबरच सांगितलंय, पण का ते सांगितलं नाही. त्यामुळे पुढच्या वेळी तुम्ही परत दुकानात जाऊन मोठा आकडा बघूनच कार्ड उचलाल. म्हणून थोडं लांबण लावतो.

कार्डावर ठळक छापलेला आकडा हा बहुतेक वेळा वाचण्याचा वेग असतो, म्हणजे कार्डातून कॉम्प्युटरवर घेतानाचा. तोही "जास्तीत जास्त". ड्रोनला वाचण्याशी काही देणंघेणं नाही, त्याला लिहायचं असतं, आणि तेही न थांबता. तुम्ही ऊसपट्ट्यातले, तर असं बघा. गाड्या कितीही येवोत, कारखान्याची गव्हाण मिनिटाला जेवढा ऊस ओढते तेवढाच आत जातो, बाकीच्या गाड्या रांगेत उभ्या राहतात. कॅमेऱ्याला मात्र रांग लावायला जागा फार थोडी. ती भरली की तो रेकॉर्डिंग बंद करून मोकळा होतो. तुमचे सात सेकंद म्हणजे ती जागा भरायला लागलेला वेळ.

आता हिशेब. मिनी २ जास्तीत जास्त १०० मेगाबिटने लिहितो. बिट, बाइट नव्हे. आठाने भागा, सेकंदाला साडेबारा मेगाबाइट झाले. मिनी ३ प्रो, एअर २एस या ड्रोनचे १५० मेगाबिट, म्हणजे पावणेएकोणीस मेगाबाइट. तुमच्या कार्डावर भिंग लावून बघा, इंग्रजी यू अक्षराच्या पोटात १ आहे की ३? १ असेल तर कंपनी सेकंदाला फक्त १० मेगाबाइटची हमी देते. सी अक्षरातल्या १०चा अर्थही तोच. यू३ किंवा व्ही३० असेल तर हमी ३० मेगाबाइटची. साडेबाराला ती भरपूर झाली.

व्ही६० आणि व्ही९० ही कार्डं यूएचएस-२ जातीची. त्यांच्या पाठीवर सोनेरी पट्ट्यांची दुसरी ओळ असते, वेग त्या ओळीतून येतो. तुमच्या ड्रोनच्या खाचेत त्या ओळीला टेकायला काहीच नाही. पैसे दुसऱ्या ओळीचे द्यायचे आणि काम पहिल्या ओळीवर करायचं.

ए१, ए२ हे शिक्के फोनमध्ये कार्डावर अ‍ॅप टाकणाऱ्यांसाठी. सारखं इकडचं थोडं, तिकडचं थोडं वाचायला-लिहायला ते उपयोगी. ड्रोन आपला एकसुरी लांबलचक लिहीत जातो. असले तर असू देत, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. आणि एकाच नावाच्या कार्डांत ६४वाल्यावर यू१ आणि १२८वाल्यावर यू३ असंही असतं, तेव्हा नाव बघून नाही, प्रत्यक्ष कार्डावरचं चिन्ह बघून घ्या.

राहिली साइझ. १०० मेगाबिटने मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. तुमच्या बॅटऱ्या किती? तीन असतील तर कंपनी काही म्हणो, प्रत्यक्षात एकेक वीस-बावीस मिनिटं देते. तिन्ही संपेपर्यंत अखंड रेकॉर्डिंग केलंत तरी ६४ जीबी भरत नाही.

यात माझा एक रडका अनुभव आहे. हर्णैच्या बंदराशी सकाळपासून होड्यांचं शूटिंग करत होतो. चौथ्या उड्डाणाला वारा फिरला, माझा शहाणपणा नडला, आणि ड्रोन गेला पाण्यात. ड्रोनचं दुःख एक. पण २५६चं एकच कार्ड होतं, सकाळच्या मासळीच्या लिलावापासूनचं सगळं त्यात. फोनमधल्या अ‍ॅपने रेकॉर्डिंगच्या वेळची तात्पुरती नक्कल (कॅशे) ठेवली होती म्हणून अंधुक का होईना, काही हाती लागलं. तेव्हापासून बॅटरी बदलली की कार्ड बदलायचं, असा नेम केलाय. हिला वाटतं मी कार्डांच्या बाबतीत सोवळं पाळतो.

सोल्डर_ताई

माझं रिपेअरिंगचं दुकान आहे, रोज एक तरी "ताई, यातले फोटो काढून द्या" येतं. दुकानदाराला चोर ठरवण्याआधी, दादा, कार्ड तपासा.

डुप्लिकेट कार्डाची चाल अशी असते: आतली चिप ३२ जीबीची, पण कार्डाचा कारभार बघणारा कंट्रोलर कॉम्प्युटरला सांगतो १२८. पहिले ३२ जीबी नीट जातात. त्यापुढचं एक तर जुन्यावर लिहिलं जातं, नाही तर हवेत जातं. फाइलची नावं दिसतात, उघडायला गेलं की काही नाही. ही चोरी अर्ध्या सीझननंतर कळते.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट प्रोग्रॅम आहे, मॅक आणि लिनक्सवाल्यांना एफ३. कार्डातलं सगळं आधी दुसरीकडे उतरवून घ्या, मग रिकाम्या कार्डावर पूर्ण चाचणी लावा. ते काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पडताळतं. वेळ लागतो, पण मध्ये सोडू नका, खोटेपणा शेवटच्या भागातच दडलेला असतो. नवीन कार्ड आलं की परत करायची मुदत संपायच्या आत हेच करायचं. जुनं यूएसबी २ रीडर वापरत असाल तर वेग तीस-पस्तीस मेगाबाइटच्या वर दिसणार नाही, तो दोष कार्डाचा नाही.

फॉरमॅट ड्रोनमध्येच करा, कॉम्प्युटरवर नको. आणि रेकॉर्डिंग थांबवल्याशिवाय ड्रोन बंद करू नका, हे तर रोज सांगून माझा घसा बसलाय. व्हिडिओ फाइलची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी लिहिली जाते. त्याआधी वीज तोडली की चित्र कार्डात असतं, पण कुठलं पान कुठे ते प्लेअरला कळत नाही. असं झालं तर कार्डावर काही न लिहिता ते ड्रोनमध्येच परत घालून चालू करा आणि मिनिटभर हात लावू नका. बऱ्याचदा ड्रोन स्वतःच ती फाइल दुरुस्त करतो. माझ्याकडे आलेल्या निम्म्या लोकांना मी एवढंच करायला लावून चहा पाजून परत पाठवलंय.

फोटोवाला_विटा

काका, ताई, दोघांचे पाय धरतो.

भिंग लावलं. मंगळसूत्राचं क्लोजअप काढायला ठेवलेलं मॅक्रो लेन्सच लावलं. यूच्या पोटात १. दहाच्या शेजारी, अगदी मुंगीएवढा.

काल रात्री जेवून चाचणी लावली. मध्ये लाइट गेली, इन्व्हर्टरवर चालली. लिहायलाच तीन तास लागले, सरासरी ११ मेगाबाइट. वाचायला आणखी तास. पहाटे दोनला निकाल: एकही चूक नाही, साइझ ११९ जीबी. ११९ बघून आधी मला वाटलं, बघा, नऊ जीबी खाल्ले की नाही!

सोल्डर_ताई

खाल्ले नाहीत हो. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने. १२८चं खरं कार्ड ११९च्या आसपासच दिसतं. तुमचं कार्ड अस्सल आहे, पण हळू आहे. दुकानदार सुटला.

दापोलीचा_म्हातारा

११ मिळतात, लागतात साडेबारा. सगळं भांडण दीड मेगाबाइटचं! पण मग दीड वर्ष कसं चाललं? सेटिंग बदललं होतंत का?

फोटोवाला_विटा

काका, नेमकं धरलंत. नवरीचा भाऊ पुण्याला आयटीत. तो म्हणाला, "दादा, फोरके असू द्या, घरी मोठा टीव्ही घेतलाय." मी आजवर सगळी लग्नं १०८०वर, म्हणजे फोरकेपेक्षा कमी बारकाव्याच्या सेटिंगवर काढलेली, त्यात हे कार्ड निभावून गेलं. त्या दिवशी पहिल्यांदा फोरके लावलं आणि ट्रायल घेतली नाही. आता कुणावर ओरडू?

दुकानदाराकडे गेलो होतो. मनात एवढं बोललो होतो त्याच्याबद्दल की अपराधी वाटलं, म्हणून एक चार्जर घेतला. त्याच्याकडे व्ही३० नव्हतंच. म्हणाला, इथे सगळ्यांना फोनला लागतं, मोठा आकडा दाखवला की खपतं.

एका_वाक्यात

चार्जरवरचे वॉट पण भिंगाने बघा.

फोटोवाला_विटा

शेवटचं अपडेट देतो.

६४ची दोन मागवली, दोन्ही व्ही३०. दोन्हींची पूर्ण चाचणी केली, यूएसबी ३चं रीडर आणून. लिहिण्याचा वेग साठच्या पुढे, चूक शून्य. बायकोच्या नेलपॉलिशने एकावर लाल ठिपका, एकावर गुलाबी. ठेवायला टिकल्यांची रिकामी डबी. रिकामं कार्ड सुलटं ठेवायचं, भरलेलं पालथं. जुनं १२८वालं डॅशकॅमला दिलं, पण १०८०वरच.

आणि मामांना खरं सांगून टाकलं. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऊस अजून उभा हाय. तोडीची टोळी शुक्रवारी येतीया. गुरुवारी ये."

गुरुवारी पाच वाजता गेलो. ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्कायच्या नकाशावर झोन हिरवा आहे हे बघून घेतलं होतं. बैलांच्या अंगावर त्याच झुली, शिंगांना ताजा रंग. नवरदेव तर कामावर रुजू झालेला, म्हणून त्याच्या चुलतभावाला फेटा बांधून गाडीत बसवला. तेवढ्या उंचीवरून कोण ओळखतंय. पहिल्या फेरीला ड्रोन जरा खाली आला तर डावा बैल बिचकला, मामांनी मला आणि ड्रोनला एकत्रच एक शिवी दिली. मग वर नेला.

फोरकेवर सहा मिनिटं दहा सेकंद, एकदाही इशारा नाही. कार्डात मात्र दोन फायली दिसल्या, एक पाच मिनिटांच्या वरची आणि एक मिनिटभराची. हे काय आता?

दापोलीचा_म्हातारा

काही नाही. ४ जीबीच्या आसपास तो फाइल तोडून दुसरी सुरू करतो. ७५० एमबीने भागून बघा, सव्वापाच मिनिटांच्या थोडं वर येतं. एडिटिंगमध्ये एकापुढे एक ठेवा, सांधा दिसणार नाही.

फोटोवाला_विटा

ठेवल्या, दिसत नाही. मामांना दाखवलं. त्यांनी तीनदा बघितलं आणि विचारलं, "डावा बिचकलेला कुठाय? तेबी टाक."