विषय: श्रमपरिहार बुधवारी – २२ पानं

प्रेषक: सचिव

मंडळी,
गणपतीच्या श्रमपरिहाराचं टेबल मिळालं. नदीपलीकडे भायलीच्या त्याच थाई-एशियन जागी, बुधवारी साडेसात ते सव्वानऊ. माणशी ६५०: सूप, दोन स्टार्टर, करी-भात, नूडल्स, एक गोड. ५,००० आगाऊ भरलेत, ते परत मिळत नाहीत. मागच्या वर्षीच्या सिझलरचा विषय कृपया कोणी काढू नये.

---

प्रेषक: माई, दांडिया बाजार

अरे, बुधवारी संकष्टी आहे! फोन फिरवायच्या आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघत जा रे. चंद्र साडेआठच्या आगेमागे. मी आणि आणखी सहा-सात जणी साडेसातपासून काय तुमच्या ताटांवरच्या माश्या वारत बसू? शिवाय पितृपंधरवडा. मला त्याचं काही नाही, आमच्या ह्यांना आहे.

आणि आरतीच्या शेवटच्या दिवशी माझा झाकणाचा पितळी डबा कोणाकडे गेला? तळाला नाव कोरलंय.

---

प्रेषक: अण्णा, मांजलपूर

भाद्रपद वद्य चतुर्थी पितृपक्षात येणार नाही तर कुठे येणार? गणपती गेले की पौर्णिमा आणि पौर्णिमेनंतर पंधरवडा, दर वर्षी हेच. श्रमपरिहार नवरात्रानंतर ठेवा असं मी बैठकीत म्हणालो होतो. इतिवृत्तात ते आलेलं नाही.

एक शंका. दांडिया बाजार, रावपुरा, मांजलपूर इतके जण सोडून जेवायला प्रत्येक वेळी नदीपलीकडेच का जायचं?

---

प्रेषक: सचिव

> प्रत्येक वेळी नदीपलीकडेच का

कारण २२ माणसांना एका रांगेत बसवेल अशी जागा आणि गाड्या लावायची सोय अलीकडे मला कोणी दाखवली नाही. शुक्रवार ते रविवार हेच पान ७५० ला आहे. रविवारी संध्याकाळी तर अख्खं बडोदं बाहेर जेवतं, दाराशी नाव लिहून तासभर उभं राहावं लागतं. बुधवारच राहू दे. वेळ पुढे ढकलता येते का विचारतो.

---

प्रेषक: ताई, गोत्री

वेळेचं नंतर बघू, आधी पोटात काय जाणार ते बघा. खानपान समितीत अजून माझं नाव आहे असं समजून काल संध्याकाळी मी स्वतः जाऊन आले.

गल्ल्यावरच्या भाईंना विचारलं, ग्रीन करी शाकाहारी आहे ना? म्हणाले, ‘बेन, वेजनुं अलग बनावीए छीए.’ कढई वेगळी, झारा वेगळा, सगळं कबूल. मी विचारलं, आणि पेस्ट? त्यांनी आत हाक मारली. आचारी प्लास्टिकचा किलोचा डबा घेऊन आला, झाकणाला हिरवा चिकटा लागलेला. लेबल पुसून चष्म्याखाली धरलं. घटकांच्या ओळीत मिरची, लसूण, गवती चहा, गलंगल (आल्यासारखा कंद) आणि शेवटून दुसरं कोळंबी. कोपऱ्यात तपकिरी त्रिकोण, म्हणजे मांसाहाराची खूण. आचारी बिचारा खरं बोलला: चिकन वेगळं, पण पेस्ट एकच.

यात त्यांची लबाडी आहे असं मला वाटत नाही. थाई करीच्या वाटणात मुळातच कोळंबीचं आंबवलेलं वाटण असतं, त्याला कापी म्हणतात. वरून मीठ घालतो तसं नाम प्ला घालतात, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. पपईच्या सॅलडमध्येही तेच. कोरियन किमचीत बहुधा माशाचं सॉस किंवा खारवलेली कोळंबी. जपानी मिसो सूपचं पाणी पारंपरिक पद्धतीत सुकवलेल्या माशाच्या कापांचं. ऑयस्टर सॉस मात्र मश्रूमचं मिळतं, ते बाटलीवर बघून घ्यावं लागतं. आपण ‘चिकन नको’ एवढंच सांगतो. त्यांनाही तेवढंच ऐकू येतं.

म्हणून तिथे मी ‘वेज’ न म्हणता ‘जैन’ म्हटलं, आणि सगळं बदललं. जैन गिऱ्हाईक त्यांच्याकडे रोजचं. डब्यातल्या पेस्टमध्ये लसूण असतो, त्यामुळे जैनांची ग्रीन करी ते डब्यातून करतच नाहीत. हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबाची पानं आणि लीली चाय (आपला गवती चहा) असं ताजं वाटतात. मी समोर उभी राहून चाखली. चव जरा सौम्य आहे, पण अगदी तोंडात राहते. संकष्टीवाल्यांचा कांदा-लसणाचा प्रश्नही त्यातच सुटतो.

तेव्हा अकरा पानं जैन सांगावीत. मला वाटतं सगळीच सांगावीत.

---

प्रेषक: अण्णा, मांजलपूर

> सगळीच सांगावीत

मुळीच नाही. लसूण नाही, कांदा नाही, गलंगल कंद म्हणून तेही नाही. मग राहिलं काय? नारळाच्या दुधातली कोथिंबिरीची आमटी. ती आमच्या घरी ६५० रुपयांत महिनाभर होईल.

खरं विचाराल तर आमच्या काळी चायनीज म्हणजे लारी, हातगाडी. रात्री दहाला रॉकेलच्या स्टोव्हवर ज्वाळा उठायच्या, लालभडक मंचुरियन, कागदी द्रोण. कोणी पेस्टचं लेबल वाचत नव्हतं आणि कोणी आजारीही पडत नव्हतं.

---

प्रेषक: भायलीवाला

अण्णा, तुमचं ते अस्सल चायनीज मंचुरियन चीनमध्ये कोणाला ठाऊकही नाही. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते केलं असं सांगतात. आलं-लसूण-मिरची आपली, त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. म्हणजे ती आपलीच भजी, रश्शात सोडलेली.

माई, तुम्ही मागे विचारलं होतं ना? चॉपस्टिक्सची भीती नको. थायलंडमध्ये भात-करी चमच्यानेच खातात, उजव्या हातात चमचा आणि डाव्यात काटा, तोही भात चमच्यावर ढकलायला. चॉपस्टिक नूडल्सपुरत्या.

---

प्रेषक: माई, दांडिया बाजार

भीती कोणाला आहे? मी हाताने खाईन.

ताई, फार चांगलं केलंस. मी जैन. पण संकष्टी सोडायला नैवेद्य लागतो. मी २१ मोदक करून आणणार. ते आत नेऊ देतील का? त्या सिझलरच्या जागी आमच्या पिशवीतली पाण्याची बाटलीसुद्धा दाराशी ठेवून घेतली होती.

(मोदक कशातून आणू? डबा!)

---

प्रेषक: खजिनदार

सिझलरचा विषय काढू नये असं ठरलं होतं.

६५० × २२ = १४,३००. जीएसटी ५ टक्के म्हणजे ७१५. एकूण १५,०१५. मंडळाकडून १०,००० मंजूर आहेत. उरले ५,०१५, माणशी २२८. सचिवांनी मला न विचारता आगाऊ भरले ते याच १०,००० तले धरतो, पण पावती हवी.

दरपत्रकात खाली बारीक अक्षरात ‘सेवा शुल्क १० टक्के’ आहे. म्हणजे आणखी १,४३०. हे कोणी भरू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलने सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानेही लावायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला त्या कायम ठेवल्या. बिलातून काढा म्हणायचं, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरला फोन. वाढणाऱ्या पोरांना काय द्यायचं ते त्यांच्या हातात द्या, बिलातून नको.

---

प्रेषक: अण्णा, मांजलपूर

> जीएसटी ५ टक्के

एसीला १८ ना?

---

प्रेषक: खजिनदार

१५ नोव्हेंबर २०१७ पासून नाही, अण्णा. एसी असो नसो, अशा हॉटेलला ५.

---

प्रेषक: सचिव

बोलणं झालं. बुधवार असल्याने मॅनेजर तयार आहेत. नवीन वेळ आठ ते सव्वादहा. सूप आणि स्टार्टर उपास नसलेल्यांना आधी, करी-भात पावणेनऊला सगळ्यांना एकदम. १२ जैन, १० नेहमीचं, अण्णा नेहमीच्यात. सेवा शुल्क काढतो म्हणाले, खजिनदारांचं नाव ऐकायचीही गरज पडली नाही. नैवेद्याचे मोदक चालतील, मात्र टेबलावर वाटायचे नाहीत, बाहेर पार्किंगमध्ये.

पार्किंग पूर्वेला उघडं आहे. मधे पाण्याची टाकी येते, तेव्हा चंद्र दिसेलच असं नाही, कालनिर्णयातल्या वेळेवर भागवावं लागेल. मुलांच्या शाळा असल्याने नदीअलीकडची गाडी दहाला निघेल, गोड राहिलं तर राहिलं.

---

प्रेषक: ताई, गोत्री

गोडाचं विचारायचं राहिलंच होतं, आत्ता फोन करून विचारलं. नारळाची जेली आहे. अगार-अगारची, म्हणजे समुद्री शेवाळाची आहे, प्राण्यांपासून काढलेल्या जिलेटिनची नाही. पाकीट दाखवायला सांगितलंय.

---

प्रेषक: भायलीवाला

माई, पितळी डबा आमच्याकडे निघाला. आईने त्यात डाळ भरून ठेवली होती. मंगळवारी आणून देतो. आमची तीन पानं, त्यातलं बाबांचं जैन नको.

---

प्रेषक: सचिव

मग ११ आणि ११. आणखी कोणी बदलणार असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा. उद्या सकाळी त्यांना अंतिम आकडा द्यायचा आहे.