क्रोममध्ये चालणारा मराठी शोध जुन्या सफारीत पान बंद पाडतो

प्रश्न: अभंगांच्या पानावर 'वारी' शोधताना 'सवारी' नको. जावास्क्रिप्टमधली शब्दसीमेची खूण देवनागरी अक्षरं ओळखत नाही, म्हणून रेजेक्समध्ये (मजकूर शोधायचा नमुना) लुकबिहाइंड, म्हणजे 'आधी काय आहे' ते तपासणारी अट, घातलं. क्रोममध्ये उत्तम. आईच्या जुन्या आयफोनवर, सफारी ब्राउझरमध्ये, मात्र मेनूसुद्धा उघडत नाही! ट्राय-कॅच (चूक झाली तर कोड सावरणारी रचना) लावूनही तेच. कुणीतरी मार्ग सांगा.

उत्तर: सफारीत लुकबिहाइंड १६.४ पासून आलं, मार्च २०२३. त्याआधीच्या सफारीत फाइल वाचतानाच सिंटॅक्स एरर येऊन सगळी फाइल बाद होते, ट्राय-कॅचपर्यंत गाडी पोचतच नाही. त्या फोनवरच्या क्रोमचं इंजिनही तेच.

उत्तर: लुकबिहाइंडऐवजी आधीचं अक्षर रेजेक्सच्या साध्या गटात (कंसात) पकडा, रिप्लेसमध्ये परत ठेवा. आणि शब्दाच्या आधी-नंतर नुसतं 'लेटर' तपासू नका, युनिकोडच्या वर्गवारीत काना-वेलांट्या 'मार्क'मध्ये येतात.

प्रश्नकर्ता: चाललं! 'वार' शोधल्यावर 'वारी'तला 'वार' रंगायचा, तेही थांबलं. मनापासून आभार.