सीडीची प्रत काढल्याने सीडी किंवा ड्राइव्ह खराब होतो का?

प्रश्न : वडिलांच्या संग्रहातील नाट्यसंगीताच्या सीडी संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. त्यातील काही आता बाजारात मिळत नाहीत, म्हणून विचारतो, या कामात मूळ सीडीला किंवा ड्राइव्हला इजा होते का?

उत्तर १ : वाचताना सीडीच्या ध्वनिमुद्रित भागाला काहीही स्पर्श करत नाही, ७८० नॅनोमीटरचा क्षीण लेझर तिच्यावरून परावर्तित होतो, एवढेच. खरा धोका वेगाचा आहे. ५२एक्सला, म्हणजे गाणी ऐकतानाच्या वेगाच्या ५२ पटीला, सीडी मिनिटाला सुमारे १०,००० फेरे घेते, त्यामुळे मधल्या भोकापाशी बारीकसा तडा असला तरी ती ड्राइव्हमध्येच फुटू शकते आणि ड्राइव्हही निकामी करते. अशी सीडी कृपया लावूच नका.

उत्तर २ : सहमत. ओरखडे असलेल्या सीडीने मात्र ड्राइव्हची झीज वाढते, कारण न वाचता आलेला भाग तो पुन्हापुन्हा वाचत राहतो. वेग ८एक्सवर आणा.

उत्तर ३ : छापील बाजू विशेष जपा. चंदेरी थर त्याच बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. तिथला ओरखडा दुरुस्त होत नाही, खालच्या प्लॅस्टिकवरचा मात्र पुष्कळदा पॉलिश करून घालवता येतो.