मदत हवी आहे: व्हिक्टोरियन लंडनमधले बायकांचे रात्रनिवारे

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकासाठी दीर्घकथा लिहितेय. नायिका 1880 च्या दशकातली, लंडनच्या ईस्ट एंडची. काम सुटलंय आणि लॉजिंग हाउसमधल्या खाटेचे चार पेन्सही जवळ नाहीत. अशा बाईने रात्र काढायची कुठे?

एक जागा म्हणजे वर्कहाउसचा, म्हणजे सरकारी गरीबखान्याचा, कॅज्युअल वॉर्ड; बेघरांना रात्रीपुरतं ठेवायचा विभाग. तिथे सक्तीची आंघोळ, मग डांबरात माखलेले जुने दोर बोटांनी उसवत बसायचं. शिवाय 1882 च्या कायद्यामुळे एका रात्रीसाठी आलेल्यालाही सहसा तिसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत अडकवून ठेवत. मधल्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच! मदत कसली, शिक्षाच ती.

म्हणून तिला स्पिटलफील्ड्सच्या प्रॉव्हिडन्स रोमध्ये न्यायचं ठरवलंय. फादर डॅनियल गिल्बर्ट यांनी मर्सी सिस्टर्स या कॅथलिक जोगिणींच्या साथीने 1860 मध्ये सुरू केलेला हा निवारा 1868 मध्ये क्रिस्पिन स्ट्रीटवर आला. चालवणारे कॅथलिक, पण दार सर्व धर्मांच्या लोकांना उघडं, तेही फुकट.

आता माझं घोडं अडलंय ते दारातच. आत घेण्याआधी बाईची चौकशी कोण करायचं, काय विचारायचं? कडेवर मूल असेल तर मायलेकरं एकत्र झोपत का? दिवसा सगळ्यांना बाहेर काढत का? कुणी त्या काळचे अहवाल, वर्तमानपत्रं चाळली असतील तर कृपया सांगा.

आणि लंडनकर मंडळी, ती इमारत अजून उभी आहे. बायकांच्या दारावर ‘विमेन’ अशी अक्षरं कोरलेली आहेत. त्या दाराचा जवळून काढलेला फोटो मिळेल का?